फिल्टरमधून गळालेली अकरा टिकेटं

सांगलीत विश्रामबागला आमची चौघांची टीम. हळदीच्या एका अडत्यासाठी गोदामाचं सॉफ्टवेअर करतोय, कामं सगळी जिरा (Jira) या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, एक काम म्हणजे एक टिकेट. शनिवारी हवी तेवढीच टिकेटं दाखवणारा फिल्टर लावला, यादी स्वच्छ, मी निवांत भडंग खात बसलो. सोमवारी शेठचा फोन, "अहो, पोत्यांचं वजन अजून चुकतंय की!" टिकेट होतं, पण माझ्या यादीत नव्हतं.

चूक माझीच. इतरांची कामं बघायला 'टिकेट बंद नाही' आणि 'असाइनी (काम ज्याला दिलंय तो) मी नाही' अशी अट घातली होती. त्यात कुणालाच न दिलेली टिकेटं येत नाहीत. रिकामा रकाना 'नाही'मध्ये धरलाच जात नाही. 'किंवा असाइनी रिकामा' जोडलं, तर बंद झालेलीही उगवली! 'आणि' आधी जुळतं, 'किंवा' नंतर. असाइनीच्या दोन अटींना मिळून कंस घातला आणि अकरा टिकेटं हाती लागली.

मग आधी वहीत प्रश्न लिहिले: आज मी काय करू, कुणाकडं अडलंय, कुणाचंच नाही ते कुठलं. तेवढेच तीन फिल्टर. पहिल्यात नावाऐवजी 'करंट यूजर' (फिल्टर उघडणारा जो असेल तो) टाकलं, चौघांना एकच पुरतो. शेअर करायला मात्र विसरलो, दिवसभर तो मला एकट्यालाच दिसत होता.