दुधी धरेना, मग हे केलं

यंदा गच्चीवरच्या वेलाने दुधी इतके दिलेत, की शेजारणी आता लांबूनच हात जोडतात. सुरुवातीला मात्र बोटाएवढं फळ दिसायचं, पिवळं पडायचं आणि गळायचं. शेणखत, पाणी सगळं व्यवस्थित होतं; अडलं होतं परागीकरण. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. एरवी हे काम रात्रीचे पतंग करतात. चौथ्या मजल्यावर ते कुठून यायचे?

मग मीच ते अंगावर घेतलं. मादी फुलाखाली लवदार इवलासा दुधी असतो, नर फुलाखाली नुसता लांब बारीक देठ. दिवेलागणीला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला परागांचा गोंडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. बोटाला पिवळी पूड लागली म्हणजे पराग तयार. दोडक्यालाही हाच उपाय, तोही संध्याकाळचाच. काकडी-भोपळ्यासाठी मात्र सकाळी उठावं लागतं (माझ्याने होत नाही).

शेंडा खुडला की बगलफांद्या फुटतात, मादी फुलं त्यांवरच जास्त येतात. दुधी कोवळाच काढा, नख सहज रुतलं पाहिजे. आणि चिरल्यावर तुकडा चाखून बघा. कडू लागला तर सरळ टाकून द्या, तो विषारी असतो.