गांडुळे आणि मासे एकाच चक्रात वाढवताना या चुका टाळा

पहाटे टाकीतले मासे तोंडे वर काढून हवा घेताना दिसले की बहुतेकजण खाद्य बदलतात किंवा रोग समजून औषध शोधू लागतात. गांडूळपालन आणि अ‍ॅक्वापोनिक्स (माशांच्या टाकीतले पाणी पंपाने भाजीच्या खडीच्या वाफ्यात फिरवून परत टाकीत आणण्याची पद्धत) एकत्र चालवणाऱ्याने त्याआधी काल पाण्यात काय ओतले ते आठवावे. गोव्याच्या फोंडा तालुक्यातील माझ्या परसात पहिल्याच पावसाळ्यात हे घडले. गांडूळखताच्या वाफ्याखालच्या बालदीत साचलेले काळपट पाणी सेंद्रिय आहे, म्हणजे पोषकच असणार, असे धरून मी ते संध्याकाळी १,००० लिटरच्या टाकीत ओतले. उजाडताना रोहूची बोटाएवढी पिल्ले खडीच्या वाफ्यातून परतणाऱ्या पाण्याच्या धारेखाली दाटीने जमली होती आणि सात वाजेपर्यंत त्यांतली ११ मेली. त्या पाण्यात अर्धवट कुजलेला पाला विरघळलेला होता, आणि तो पचवणाऱ्या जिवाणूंनी रात्रभरात टाकीतला प्राणवायू संपवला होता.

अशा वेळी खाद्य लगेच बंद करावे, एक तृतीयांश पाणी बदलावे आणि मगाने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा टाकीत सोडत राहावे. वाफ्याखाली झिरपणारे पाणी आणि व्हर्मीवॉश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पक्व, मातीचा वास येणाऱ्या गांडूळखतातून स्वच्छ पाणी सावकाश पाझरवून मिळतो तो व्हर्मीवॉश; ओल्या कचऱ्यातून गळणारे आंबूस वासाचे पाणी दहापट पातळ करून माड-केळीच्या आळ्यात घालावे, माशांच्या वाटेला ते कधीही जाऊ देऊ नये.

या चुकीतूनच मला सगळ्या मांडणीचा पाया उमगला. कुजण्याचे काम पाण्याबाहेर, हवेत व्हावे आणि पाण्यात फक्त त्याचा विरघळलेला, पक्व अंश यावा. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य टाकीच्या तळाशी साचू न देता आठवड्यातून दोनदा नळीने ओढून गांडुळांच्या वाफ्यावर पसरावे. स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि शेण यांनी खडीच्या वाफ्यात किंवा टाकीत प्रवेशच करता कामा नये, कारण त्याच वाफ्यातली पालेभाजी आपण कधी कच्ची खातो आणि शेणातले रोगजंतू पाण्याबरोबर सगळीकडे फिरतात.

खडीच्या वाफ्यात गांडुळे सोडणे मात्र उपयुक्त आहे, कारण खडीच्या फटींत अडकलेला गाळ ती खातात आणि वाफा बुजत नाही. इथे घाई नडते. गांडूळखतासकट ओंजळभर गांडुळे वाफ्यात टाकली की ते खतच फटींत बसते. म्हणून गांडुळे हाताने निवडून, टाकीच्याच पाण्यात हळुवार धुऊन सोडावीत. वाफा ३० सेंटिमीटर खोल असावा, पाणी भरून पुन्हा पूर्ण ओसरावे आणि वरचे पाच सेंटिमीटर कोरडे राहावेत. वाफा ठीक चालला आहे की नाही हे पाहण्यासाठी मी मधोमध कोपरापर्यंत हात घालून तळची मूठभर खडी वर काढतो. तिला पावसानंतरच्या मातीसारखा वास असेल आणि दोन-तीन गांडुळे वळवळत असतील तर काळजी नसते. खडी काळी, बुळबुळीत आणि कुजक्या अंड्याच्या वासाची निघाली, तर पाणी ओसरत नाही किंवा मासे वाफ्याच्या कुवतीपेक्षा जास्त झाले आहेत असे समजावे. पालेभाजीच्या दर चौरस मीटरला दिवसाकाठी ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य, हे प्रमाण धरून चालावे. १,००० लिटरमध्ये २० किलोपेक्षा जास्त मासे ठेवू नयेत आणि नवख्याने त्याच्या निम्म्यावरच थांबावे.

मासे पहिल्याच दिवशी सोडणे ही आणखी एक महागात पडणारी चूक. माशांच्या उत्सर्गातल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडे खाद्य टाकून पाणी फिरवत ठेवावे आणि चाचणी संचाने अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आल्याची खात्री करावी. नळाचे पाणी भरले असेल, तर त्यातला क्लोरिन उडून जाण्यासाठी ते एक दिवस उघडे ठेवावे.

गोव्यात खडी निवडताना हमखास मोह होतो तो जांभ्या दगडाच्या तुकड्यांचा, कारण चिऱ्यांचे बांधकाम झाले की ते फुकट मिळतात. परंतु ते झिजून लाल गाळ होतात, आणि त्यांतील लोहाची संयुगे स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवत असल्यामुळे झाडे उपाशी राहतात. काळ्या दगडाची १० ते २० मिलिमीटरची खडी धुऊन वापरणे अधिक शहाणपणाचे. खाऊन उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या संपूर्ण वाफ्यात पसरणे ही उलट टोकाची चूक, कारण त्यांतील चुन्यामुळे सामू (पाण्याचा pH) चढतो आणि भाजीची नवी पाने, शिरा हिरव्या ठेवून, पिवळी पडू लागतात. थोड्या शिंपल्या मात्र हाताशी असाव्यात. जांभ्या कातळातील विहिरींचे पाणी बहुधा मऊ व किंचित आम्लधर्मी असते, जिवाणूंच्या कामामुळे सामू आणखी उतरत जातो, आणि वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस उघड्या टाकीत पडला तर उरलीसुरली क्षारता वाहून जाते. सामू सहाच्या खाली गेला की जिवाणू मंदावतात. त्या वेळी शिंपल्यांचा चुरा कापडी पिशवीत बांधून पाण्याच्या धारेत टांगावा आणि सामू दिवसेंदिवस सावकाश ६.८ ते ७ पर्यंत येऊ द्यावा. घाईने चुना ओतला तर साचलेला अमोनिया विषारी रूपात बदलतो आणि मासे तासाभरात मरू शकतात. टाकीवर छप्पर घातले तर पावसाचा हा प्रश्न मुळातच मिटतो.

गांडुळांच्या वाफ्यातल्या चुका ऋतूप्रमाणे बदलतात. मार्च ते मे या काळात हुर्राक आणि फेणी या दारूंसाठी पिळलेल्या काजूच्या बोंडांचा चोथा ढिगाने मिळतो. तो ताजाच घातला की आंबतो, तापतो आणि गांडुळे भिंतीवर चढून बाहेर पडतात. सुक्या पाल्यात मिसळून तीन आठवडे मुरवल्यावर तो थोडा थोडा द्यावा. ताजे शेणही तसेच मुरवूनच घालावे. माशांचे काटे, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), लोणच्याचा खार वाफ्यात नको. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) कडेच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेव्हा ते पाणीही शिंपडू नये. काथ्याचा भुसा आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन घ्यावा, कारण त्यात मीठ असू शकते. आयसेनिया फेटिडा ही गांडुळाची जात इथल्या एप्रिलमध्ये हैराण होते. युड्रिलस किंवा आपल्याकडचेच पेरिओनिक्स उष्णतेत अधिक तग धरतात. पेरिओनिक्सला मात्र पावसाळी रात्री निघून जायची सवय असते, म्हणून जोराच्या सरींच्या रात्री वाफ्यावर एक दिवा लावून ठेवावा.

स्वयंपूर्णतेच्या ओढीने माशांना केवळ गांडुळेच खाऊ घालणे योग्य नाही. ताज्या गांडुळात सुमारे ८० टक्के पाणी असते, म्हणजे किलोभर गांडुळांतून कोरडे खाद्य २०० ग्रॅमच मिळते. पूरक म्हणून ती उत्तम. देण्यापूर्वी एक दिवस धुतलेल्या ओल्या काथ्यात ठेवून त्यांचे पोट रिकामे होऊ द्यावे आणि जोडीला अझोला (पाण्यावर तरंगणारे नेचे) वाढवावा. झटपट वाढतो म्हणून आफ्रिकन मागूर मुळीच आणू नये. देशात त्याच्या पालनावर बंदी आहे आणि पुरात सुटल्यास तो ओढ्या-नाल्यांतले स्थानिक मासे फस्त करतो. तांब्याची नळी आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही पाण्याला लागू देऊ नये.

शेवटी वीज. जूनच्या पहिल्या वादळात ती गेली आणि वाफा भरलेलाच राहिला, तर साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपून गांडुळे गुदमरतात आणि खाली टाकीत मासेही अडचणीत येतात. वाफ्यातले पाणी टाकीत सोडणाऱ्या उभ्या नळीच्या तळाशी पेन्सिलीएवढे भोक पाडले, की पंप थांबल्यावर वाफा आपोआप रिकामा होतो. मात्र हे सगळे पाणी परत येऊन मावेल इतकी टाकी आधीपासून रिकामी ठेवलेली असावी.