फ्लेमिंगोचे फोटो काढायचेत? आधी तिथी बघा

फ्लेमिंगोचे फोटो मनासारखे येत नाहीत असं कुणी म्हणालं की मी विचारतो, त्या दिवशी तिथी कोणती होती? लेन्सचं नंतर बघू.

ओहोटी लागली की ठाणे खाडीतला चिखल उघडा पडतो आणि हे पक्षी दूरवर पांगून चरू लागतात. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो, मग थवे काठालगतच्या पाणथळींत येऊन उभे राहतात. नेरूळच्या डीपीएस तलावाकडे लोक जातात ते त्यासाठीच. ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटींच्या वेळाही भरती बघूनच ठरतात.

भरतीची ढोबळ वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट करायची. द्वादशीला बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीत आत थोडी उशिरा. अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस, पाणी फारसं चढत नाही. म्हणून मला द्वादशी-त्रयोदशीची सकाळ आवडते. सातला पोचायचं, पाणी चढताना थवे जवळ येतात आणि ऊनही कोवळं असतं. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक एकदा मोबाइलवर पडताळून घ्या. नोव्हेंबर ते मे हा हंगाम, त्यातही फेब्रुवारीनंतर गर्दी खरी.

पोचलात की सूर्य पाठीशी घ्या आणि खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी चिखलाला चिकटल्यासारखा दिसतो. बसून काढलात की मागचं पाणी लांब जाऊन धूसर होतं आणि पक्षी सुटा उठून दिसतो.

आता कॅमेरा. पक्षी उभे असतील तर शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो. उडणाऱ्यांसाठी १/१६०० किंवा त्याहून जलद ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ऑटोवर. उन्हात पिसांचा पांढरा-गुलाबी रंग जळतो, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) अर्ध्या स्टॉपने, म्हणजे -०.५ वर, कमी करा. फोकस डोळ्यावर. थव्यात माना एकमेकींवर येतात. एक मान मोकळी होईपर्यंत थांबा. प्रतिबिंब दिसत असेल तर खाली जागा सोडा, अर्धं कापलेलं प्रतिबिंब फोटोची वाट लावतं.

उड्डाण टिपायचं तर वाऱ्याची दिशा बघा. हा पक्षी बहुधा वाऱ्याला सामोरा होऊन, पाण्यावर दहा-बारा पावलं धावत उठतो. धाव सुरू झाली की बटण दाबून धरा. पंख उघडले की आतला लालभडक पट्टा आणि काळी पिसं दिसतात. तो क्षण फार थोडा असतो.

दहानंतर कॅमेरा बंद केला तरी चालेल. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो मऊ, म्हणजे अस्पष्ट येतात. मी एक अख्खा हंगाम त्याचा दोष लेन्सला देत होतो.

मोबाइलवाल्यांनी झूम ताणू नये. काच रुमालाने पुसा आणि एकट्या पक्ष्याचा नाद सोडा. पाण्यावरचा गुलाबी पट्टा आणि मागे पाम बीच रस्त्याकडचे टॉवर, हा फोटो मोबाइललाच जास्त शोभतो. घरी आल्यावर क्षितिज सरळ करा, पण गुलाबी रंग वाढवू नका. छोट्या फ्लेमिंगोचा रंग मुळात गडद असतो आणि मोठा पांढुरका. दोघांना सारखं रंगवलं की ओळखच पुसली जाते.

आणि हे मनापासून सांगतो: फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उठवू नका, दगड तर नकोच. एका सकाळी माझ्या शेजारच्याने थवा उठवला. सगळे पक्षी खाडीपार गेले आणि पाणी उतरेपर्यंत परतले नाहीत. चरणाऱ्या पक्ष्यांनी एकदम माना वर केल्या, की समजायचं आपण फार जवळ आलोय. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. थोड्या वेळाने माना पुन्हा पाण्यात जातात, तेव्हा कॅमेरा उचला.