एसडीआरवर नुसती खरखर येतेय? आधी गेन खाली करा (आणि या चुका टाळा)

आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा, सॉफ्टवेअरने चालणारा छोटा रेडिओ रिसीव्हर) घेतला, झॅडिग या प्रोग्रॅमने ड्रायव्हर टाकला, एसडीआर शार्प हे रेडिओ ऐकायचं सॉफ्टवेअर उघडलं, वॉटरफॉल (सिग्नल दाखवत सरकणारं चित्र) पळायला लागला की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचा, स्लायडर ओढून पार 49.6 डीबीला नेऊन ठेवतात. जास्त गेन म्हणजे जास्त ऐकू येणार, असं वाटतं. शहरात तर नेमकं उलटं होतं.

या डोंगलमध्ये एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) 8 बिटचा असतो, म्हणजे सिग्नल मोजायला फक्त 256 पायऱ्या, आणि मुंबईसारख्या ठिकाणी 91.1 पासून 107.1 पर्यंत एफएमची तगडी स्टेशनं दिवसरात्र चालू असतात, ती सगळी अँटेनातून आत येतात आणि फुल गेनवर ट्यूनरच (हवी ती फ्रिक्वेन्सी निवडणारा भाग) गुदमरतो. मग 145 मेगाहर्ट्झच्या आसपास, जिथे हॅमवाले (हौशी रेडिओवाले) बोलायला हवेत, तिथे गाणी वाजायला लागतात. ती स्टेशनं तिथे नसतातच, डोंगलच्या आत तयार झालेली भुतं आहेत ती. ओळखायचं कसं? गेन दोन-तीन पायऱ्या खाली घ्या, खरा सिग्नल तेवढाच खाली येतो, भूत मात्र धाडकन गायब होतं.

गेन लावायची माझ्या मते एकच पद्धत धड आहे. शून्यापासून सुरू करा, एक-एक पायरी वर जा आणि लक्ष सिग्नलच्या उंचीकडे नको, खालच्या नॉइजच्या रेषेकडे ठेवा. सिग्नल आणि नॉइज यांच्यातलं अंतर वाढतंय तोवर वर जात राहा, दोन्ही बरोबरीने चढायला लागले की तिथेच थांबा, त्यापुढे फायदा काहीच नाही. आणि हे प्रत्येक बँडला वेगळं करावं लागतं, एकदा सेट केलं की झालं असं नाही. हे शिकताना ट्यूनर एजीसी आणि आरटीएल एजीसी (गेन आपोआप ठरवणाऱ्या सोयी) दोन्ही बंदच ठेवा, नाहीतर आपण काय बदललं आणि सॉफ्टवेअरने काय बदललं हेच कळत नाही. एवढं करूनही भुतं राहिलीच तर 88 ते 108 अडवणारा एफएम फिल्टर अँटेना आणि डोंगलच्या मध्ये लावा, महागड्या अँटेनाच्या आधी तोच घ्यावा असं मी ठामपणे सांगेन.

मोडचा घोळ पण खूप होतो. साध्या एफएम स्टेशनला डब्ल्यूएफएम (रुंद एफएम) आणि साधारण 200 किलोहर्ट्झ बँडविड्थ, पण तेच सेटिंग ठेवून 145.800 वर स्पेस स्टेशन ऐकायला गेलात तर आवाज खरखरीत बुडतो, तिथे एनएफएम (अरुंद एफएम) हवा. बँडविड्थ पण फार आवळू नका, स्पेस स्टेशन डोक्यावरून जाताना डॉपलरमुळे, म्हणजे त्याच्या वेगामुळे, सिग्नल तीन-साडेतीन किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकतो आणि कडेला कापला जातो. स्क्वेल्च (सिग्नल कमजोर असला की आवाज बंद करणारी सोय) बंद आहे ना तेही बघा, कित्येकदा सिग्नल येत असतो आणि स्क्वेल्चनेच तोंड दाबलेलं असतं!

पीपीएमचं (फ्रिक्वेन्सीची चूक, दहा लाखांत किती) म्हणाल तर घाई नको. डोंगल तापेपर्यंत फ्रिक्वेन्सी सरकत राहते, पंधरा-वीस मिनिटं चालू द्या मगच करेक्शन लावा, आणि ते एफएम स्टेशनवरून लावू नका, इतक्या रुंद सिग्नलचा मध्य डोळ्याने सापडत नाही. 1 पीपीएमची चूक 100 मेगाहर्ट्झला 100 हर्ट्झच असते, पण 1000 ला तीच 1 किलोहर्ट्झ होते. सँपल रेट (सेकंदाला सिग्नलचे किती नमुने घ्यायचे) 2.4 दशलक्ष ठेवा, 3.2 वर सँपल गळतात.

मीडियम वेव्ह ऐकायची असेल, म्हणजे पुणे आकाशवाणीचं 792 किलोहर्ट्झ वगैरे, तर डोंगलच्या व्ही3 आवृत्तीला डायरेक्ट सँपलिंगमध्ये (ट्यूनर टाळून सिग्नल थेट एडीसीला देणं) क्यू ब्रँच हा पर्याय निवडावा लागतो, व्ही4 आवृत्तीला ते लागत नाही पण त्याचा स्वतःचा नवा ड्रायव्हर लागतो, जुन्यावर तो नीट चालत नाही. डायरेक्ट सँपलिंगमध्ये गेनचा स्लायडर हलवून काही होत नाही कारण ट्यूनर वापरातच नसतो, तेव्हा डोंगल बिघडला म्हणून परत करायला धावू नका. आणि या मोडमध्ये 28.008 मेगाहर्ट्झला पुणे आकाशवाणी सापडली तरी हुरळू नका, डोंगलच्या आतलं घड्याळ 28.8 मेगाहर्ट्झचं असल्याने 14.4 च्या वर खालचंच सगळं उलटं दुमडून दिसतं.

तरीही नुसता आवाजच आवाज असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि खोलीतले एलईडी बल्ब एकेक करून बंद करा, वॉटरफॉलवरच्या उभ्या रेघा कुठल्या बटणाला जातात ते लगेच दिसेल.