परदेशी जायचं म्हणून करिअर निवडताय? या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, "बाहेर कशाला स्कोप आहे?" मुलांनी परदेशी जावं, तिथं चांगलं कमवावं, स्थिरावावं असं वाटणं अगदी रास्त आहे. पण या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं. बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीला जर्मनीतली रुग्णालयं स्वतःहून बोलावतात. त्याच मुलीला अमेरिकेत कायमचं राहायचं असेल तर भारतीयांच्या ग्रीन कार्डाच्या लांबलचक रांगेत थांबावं लागतं, कारण कुठल्याही एका देशाला वर्षाला साधारण सात टक्क्यांचीच मर्यादा आहे. बीएएमएस झालेला इथे दवाखाना थाटतो, ब्रिटनमध्ये त्याची डॉक्टर म्हणून नोंदणीच होत नाही. हे सगळं प्रवेश घेण्याआधी कळू शकतं. तरीही बहुतेक घरांत ते पदवी हातात आल्यावर कळतं, आणि तोवर मुलांची उमेदीची चार-पाच वर्षं गेलेली असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

व्हिसाची बातमी वाचून कोर्स ठरवणं

ब्रिटनचंच उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या सरकारने वृद्धांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करना व्हिसा द्यायला सुरुवात केली. मार्च २०२४ पासून नव्याने जाणाऱ्यांना जोडीदार आणि मुलं सोबत नेता येईनात. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद झाली. वाट उघडून बंद व्हायला साडेतीन वर्षंही लागली नाहीत, आणि आपल्याकडे बीएस्सी नर्सिंगलाच चार वर्षं लागतात. कॅनडाने विद्यार्थ्यांना झटपट परवाना देणारी एसडीएस योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये गुंडाळली. अमेरिकेत नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या वर्षाला ८५,००० जागांसाठी मुळातच सोडत असते, त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं.

तेव्हा आजच्या नियमावर चार वर्षांनंतरचा बेत रचू नका. त्याऐवजी त्या देशाला माणसं का हवी आहेत ते बघा. जर्मनी आणि जपान म्हातारे होत चालले आहेत, तिथं जन्मणारी मुलं कमी आहेत. निवडणुका झाल्या, सरकारं बदलली तरी ही गरज उरणार आहे. रुग्णसेवा, वीजकाम, वेल्डिंग, यंत्रदुरुस्ती ही कामं अशी आहेत की ती दोन-तीन देशांना हवी आहेत आणि नाशिक-नागपुरातही त्यावर पोट भरतं. माझ्या लेखी हीच खरी कसोटी: व्हिसा नाहीच मिळाला तर हेच काम तुम्ही इथे आनंदाने कराल का? उत्तर नाही असेल, तर तो कोर्स घेऊ नका.

पदवी म्हणजेच परवाना असं समजणं

सर्वांत महाग पडणारी चूक ही. सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने घेतलं की काम सुरू होतं. पण डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, वकील यांना जवळपास प्रत्येक देशात तिथल्या परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषद तुमची पदवी नव्याने तपासते. भारतातल्या बीडीएसला कॅनडात दंतवैद्य व्हायचं तर तिथल्या राष्ट्रीय दंत परीक्षा मंडळाच्या परीक्षांची मालिका पार करावी लागते किंवा तिथं पुन्हा शिकावं लागतं. खर्च लाखांत जातो. वकिलीचा तर आत्माच त्या त्या देशाचा कायदा असतो.

बीएएमएस आणि बीएचएमएसबद्दल स्पष्ट सांगतो, कारण महाराष्ट्रात या कॉलेजांची संख्या मोठी आहे आणि "बाहेर आयुर्वेदाला फार मागणी आहे" हे वाक्य प्रवेशाच्या वेळी सर्रास ऐकू येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांपैकी कुठेही या पदवीवर डॉक्टर म्हणून परवाना मिळत नाही. मागणी असते ती मसाज, आहार, योग अशा सेवांना. आयुर्वेदाची खरी ओढ असेल तर जरूर शिका, पण परदेशी डॉक्टर होण्याची वाट म्हणून नको. आणि तुम्ही आधीच तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असाल तर कोर्स सोडू नका. पदवी पुरी करून सार्वजनिक आरोग्य किंवा क्लिनिकल रिसर्चमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेता येतं, परदेशातली अनेक विद्यापीठं त्यासाठी ही पदवी ग्राह्य धरतात.

इंजिनिअरिंगवाल्यांनी एक गोष्ट प्रवेशाआधी पाहावी. भारत २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’चा पूर्ण सदस्य झाला. या कराराने सदस्य देश एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या समकक्ष मानतात. मात्र भारतातल्या सगळ्या पदव्या त्यात येत नाहीत. एनबीएने (तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) ‘टियर-वन’ मान्यता दिलेले अभ्यासक्रमच येतात, आणि ती मान्यता कॉलेजला नव्हे, शाखेला असते. एकाच कॉलेजात मेकॅनिकलला असेल आणि सिव्हिलला नसेल, असं होऊ शकतं. ऑस्ट्रेलियात इंजिनिअर म्हणून कौशल्य तपासणीला गेल्यावर हा फरक कळतो. मान्यता असलेल्याचं काम बरंच सोपं होतं, नसलेल्याला आपल्या निवडक तीन कामांवर लांबलचक अहवाल लिहावे लागतात. एनबीएच्या संकेतस्थळावर शाखावार यादी असते, दहा मिनिटांचं काम आहे.

"भाषा तिकडे गेल्यावर शिकू"

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून जर्मन शिकवणारे क्लास तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहेत. उत्साह चांगलाच आहे. पण बरेच जण ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्या झाल्या की थांबतात. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे बी-टू, म्हणजे चौथी पातळी लागते, आणि बी-टूपर्यंत पोचायला सहाशे ते आठशे तासिका लागतात. तीन महिन्यांत बी-टू करून देतो म्हणणाऱ्या क्लासच्या वाटेला जाऊ नका.

एवढी भाषा कशाला लागते ते वॉर्डात गेलं की समजतं. सकाळी सहाच्या सुमारास पाळी बदलते. रात्रपाळीची नर्स भराभर सांगत जाते: सात नंबरचे आजोबा पहाटे पडले, डोक्याला मार नाही, डॉक्टरांना कळवलंय, नऊ नंबरच्या बाईंनी रात्री काही खाल्लेलं नाही, त्यांचं इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. हे एकदाच सांगितलं जातं. त्यातला एक नकार ऐकायचा राहिला तर इन्सुलिन दिलं जाईल. मग ते आजोबा तक्रार करतात ती पुस्तकातल्या जर्मनमध्ये नाही, तिथल्या श्वाबियन बोलीत. नंतर हे सगळं लेखी नोंदवायचं असतं, सही तुमची. इथे भाषा म्हणजे रुग्णाची सुरक्षितता आहे.

मान्यतेसाठी अर्ज केल्यावर बहुतेक भारतीय नर्सेसना आधी तुटींची यादी असलेलं पत्र येतं. ते पाहून घाबरू नका, तो नकार नसतो. तुमच्या अभ्यासक्रमात तिथल्या तुलनेत काय कमी पडलं ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ते भरून काढायला दोन मार्ग असतात: काही महिन्यांचा जुळवणी अभ्यासक्रम किंवा ज्ञानचाचणी. ते होईपर्यंत मदतनीस म्हणून, कमी पगारावर काम करावं लागतं. नोकरीच्या करारात हा कमी पगाराचा काळ आणि पूर्ण मान्यतेनंतरचा पगार दोन्ही लिहून आहेत का, ते सही करण्याआधी वाचा.

जपानचंही तसंच. तिथल्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्हिसाला जपानी भाषेची एन-फोर किंवा त्या तोडीची परीक्षा आणि कामाची कौशल्य चाचणी लागते. पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षं राहता येतं, पण कुटुंब नेता येत नाही. लग्न ठरलेल्या मुलामुलींनी हे दोन्ही घरांत मोकळेपणाने बोलावं.

भाषा शक्यतो पदवीच्या पहिल्या वर्षापासून शिका. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, विद्यापीठाचे रानडे इन्स्टिट्यूटमधले परकीय भाषांचे वर्ग आहेत. गावात असाल तर ऑनलाइन शिका, पण परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच द्या. क्लासचं स्वतःचं प्रमाणपत्र व्हिसाला चालत नाही.

सल्ला कोण देतंय ते न पाहणं

शिक्षणासाठी पाठवणाऱ्या अनेक कन्सल्टन्सी विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत. त्यांना परदेशी कॉलेज प्रत्येक प्रवेशामागे कमिशन देतं. त्यामुळे जे कॉलेज कमिशन देत नाही, त्याचं नाव तुमच्या यादीत येणं कठीण. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नसतं, अर्ज स्वतः करता येतो, आणि म्हणूनच त्यांचं नाव कुणी फारसं सुचवत नाही.

नोकरीसाठी पाठवणाऱ्यांचा मामला वेगळा. त्यांना परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. तो क्रमांक ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येतो, आणि अशा परवानाधारक एजंटाने उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेणं बेकायदा आहे. पाच-सात लाख मागणाऱ्याला तिथल्या तिथे नाही म्हणा. "आधी टूरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू" असं ऐकलंत तर संबंधच तोडा. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडे सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याची प्रकरणं देशभर गाजली आहेत. जून २०२४ पासून सुरू झालेलं जर्मनीचं ‘चान्सन-कार्ड’ही काही जण नोकरीची हमी म्हणून विकतात. ते फक्त एक वर्ष तिथं राहून नोकरी शोधायची मुभा देतं, आणि त्या काळात राहण्या-खाण्याइतके पैसे आधी दाखवावे लागतात.

आणि तिकडचे मामा? ते मनापासूनच सांगतात, पण ते २००५ साली गेले. त्यांच्याकडून घरभाडं, थंडी, माणसं, नोकरीतला रोजचा दिवस हे विचारा. नियम मात्र त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहा.

पैसा आणि वय

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात सध्या वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ही फी नाही. दरमहा ९९२ युरो याप्रमाणे तेच पैसे तुम्हाला खर्चाला मिळतात. म्हणून "दाखवण्यापुरते" कुणाकडून उसने घेऊन भागत नाही, परत करायला निघालात तर जेवायचं काय? जमीन गहाण टाकण्याआधी शिष्यवृत्त्या बघा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत.

वयाचा हिशेब राहून जातो. कॅनडात कायमचं राहायला गुणांवर निवडणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्रीत वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ या वर्षांत मिळतात, मग दरवर्षी घटत ४५ला शून्य होतात. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांच्या बहुतेक कायमस्वरूपी व्हिसांनाही ४५ची अट आहे. दोन वर्षं स्पर्धा परीक्षा, मग एमबीए, मग बघू, असं म्हणताना हे लक्षात असू द्या.

कागदांकडे शेवटी बघणं

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, पदवीवर माहेरचं, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर तिसरंच काही. परदेशातला कारकून या तिन्ही व्यक्ती वेगळ्या समजतो, आणि महिनोन् महिने अर्ज अडतो. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. बाहेर जायचा विचार असेल तर बदलू नका. बदललं असेलच तर राजपत्रातली नोंद आणि विवाह प्रमाणपत्र करून घ्या, आणि सगळीकडे एकच नाव करा. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच घातलेलं नाही, असंही पुष्कळ घरांत सापडतं. तो आजच काढून बघा.

आणि कॉलेज सोडतानाच विषयवार तासांचा तपशील सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. जर्मनीत नर्सिंगच्या शिक्षणात २,१०० तास वर्गातले आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात, आणि मान्यता देणारं कार्यालय तुमचे तास त्यांच्याशी ताडून पाहतं. प्रात्यक्षिकं कुठल्या वॉर्डात किती तास झाली, हेही त्यात हवं. पाच वर्षांनी मागायला गेलात तर अभ्यासक्रम बदललेला असतो, आणि जुन्या नोंदी शोधून देणारं ऑफिसात कुणी उरलेलं नसतं.