जुनी डायरी वाचताना या चुका टाळा

पोटमाळा आवरताना जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा हाती लागला की माणूस तिथेच फतकल मारतो आणि अंधार पडेपर्यंत उठत नाही. एका बैठकीत चार वर्षं वाचली की चार वर्षांचं दुखणं एकदम अंगावर येतं. दिवसाउजेडी अर्धा तास वाचलंत तरी पुष्कळ झालं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डायरीलाच आपलं अख्खं आयुष्य मानणं. डायरी उघडली जाते ती बहुधा भांडण झालं, पेपर अवघड गेला, कुणी टाकून बोललं म्हणजे. मामाकडे मजेत गेलेल्या मे महिन्याची पानं कोरीच राहतात. (फुकट मिळालेल्या डायऱ्या फेब्रुवारीपासून कोऱ्या असतात, तो निव्वळ आळस!) तेव्हा ‘मी कायमच रडका होतो’ असं ठरवण्याआधी कोरी पानंही चाळा.

दुसरी खोड, आजच्या अकलेनं तेव्हाच्या स्वतःला झापायचं. निकाल कळल्यावर ‘हे आधीच दिसत होतं’ असं वाटतंच. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. समजा, नोंद अशी आहे : ‘बारावीचा निकाल. ५८ टक्के. बाबा जेवले नाहीत. मी नालायक आहे.’ यातल्या पहिल्या तीन गोष्टी घडल्या. चौथा नुसता शेरा आहे, तोही सतरा वर्षांच्या घाबरलेल्या पोराचा. पेन्सिलीनं शेरे अधोरेखित करा आणि समासात आजची तारीख घालून, भाच्याला समजावाल तशा दोन ओळी लिहा. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ आत्मकरुणेत तीन गोष्टी धरतात : स्वतःशी मायेनं वागणं, असं इतरांच्याही वाट्याला येतं हे ओळखणं आणि दुःख न दाबता, न फुगवता बघणं. यात सारवासारव कुठेच नाही. तुम्ही कुणाला दुखावलं असेल तर समासात तेही स्पष्ट लिहा. जमलं तर त्या माणसाला फोन करा.

रागाच्या भरात पानं फाडू नका. फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, त्यात त्यांचीही गुपितं असतात.

वाचल्यावर झोप उडाली, दिवसभर तेच डोक्यात घोळत राहिलं, तर वही सरळ कपाटात ठेवा आणि जवळच्या माणसाशी बोला. तरीही सावरत नसेल तर टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.