मीलवर्मची अंडी भुंगेरे खातात, ती अशी वाचवा

लेपर्ड गेको या पाळीव पालीसाठी घरी मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या) पाळले की भुंगेरे भरपूर दिसतात, अळ्या मात्र वाढत नाहीत. कारण साधं आहे: भुंगेरे आपलीच अंडी आणि मऊ कोष कुरतडतात. उपाय स्वयंपाकघरात आहे, गव्हाची चाळण.

१. गुळगुळीत प्लास्टिकच्या डब्यात ४-५ सेंमी गव्हाचा कोंडा घाला. कोंडा आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून खोलीच्या तापमानाला आणा, म्हणजे त्यातले सोंडे मरतात. झाकणाला भोकं पाडून बारीक जाळी लावा.

२. भुंगेरे त्यात १४ दिवस ठेवा, मग सगळं चाळा. भुंगेरे वर राहतात. कोंड्यासोबत अंडी खाली पडतात. अंडी चिकट असतात, कोंड्याचे कण लागल्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून तो कोंडा टाकू नका!

३. भुंगेरे नव्या डब्यात. चाळलेला कोंडा जुन्या डब्यात परत घाला, त्यावर तारीख लिहून २५-२८ अंशांत ठेवा. एक-दोन आठवड्यांत अंडी फुटतात, पण सुरुवातीच्या अळ्या केसाएवढ्या बारीक असतात. कोंडा हलताना दिसेपर्यंत धीर धरा.

४. अळ्या मोठ्या झाल्या की त्यांचे कोष होतात. हे पांढरट, वाकडे कोष चमच्याने उचलून वेगळ्या डबीत ठेवा.

पाण्यासाठी गाजराची चकती पुरते, तीही दुसऱ्या दिवशी काढा. पावसाळ्यात हे चुकलं तर कोंड्याला बुरशी येते आणि कडांवर पिठासारखी धूळ सरकताना दिसते. ते माइट, म्हणजे अगदी बारीक कीटकसदृश जीव असतात. तेव्हा तो डबा लगेच इतरांपासून दूर करा.

मीलवर्ममध्ये कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे गेकोला देताना अळ्या कॅल्शियम पावडरमध्ये घोळवा.